पंपाची नळी
गुलाबाच्या वासाचं लोशन जवळ कुणी हाताला लावलं, की मी अजूनही उठून लांब जाते. द्वारका चौकाजवळच्या एका ब्यूटी पार्लरमध्ये मी काम शिकत होते. तिथल्या पंपाच्या बाटल्या कधी धुतल्याच जात नसत. लोशन तळाला गेलं की पार्लरवाल्या मॅडम त्यातच थोडं पाणी घालून वरून नवं ओतायच्या. एकदा कळवणहून एक मुलगी आईबरोबर आली, दुसऱ्या दिवशी तिची हळद होती. तिच्या एका गालाला लोशन लावलं आणि पंप अडकला. मी झाकण फिरवून काढलं, तर नळीला शेंबडासारखा काळपट हिरवा थर लोंबत होता, आणि गुलाबाच्या आडून सडक्या भाजीचा भपकारा आला. मला ओकारीच आली. मॅडम हळूच म्हणाल्या, "नळी पूस आणि लाव. लोशन पांढरंच दिसतंय ना?" तेवढ्यात मुलीच्या आईने विचारलं, "काय झालं ताई? लय घाण वास येतोय." मी नळी तिच्यासमोर धरली. "हे माझ्या पोरीच्या तोंडाला लावलं?" म्हणत तिने पदराने मुलीचा गाल खसाखसा पुसला आणि तिला घेऊन निघून गेली. मॅडमनी मला त्याच क्षणी काढून टाकलं. त्याचं काही वाटलं नाही. पण सहा महिने मी तेच लोशन बायकांच्या तोंडाला चोळत होते, वर "थंड वाटतंय ना?" असं हसून विचारत होते, आणि एकदाही झाकण उघडून बघितलं नव्हतं. आज मॅडमपेक्षा मला त्याचीच जास्त किळस येते.