पाटीवरची झांज

ड्रमच्या पितळी चकतीवर काठी हलकेच टेकावी आणि तिचा तो सोनेरी कंप तापलेल्या पत्र्यांवरून सावकाश पसरत जावा! मरगळलेल्या दुपारी असा झणत्कार कुठूनही कानी आला, की मी पिंप्राळ्याच्या आमच्या मागच्या खोलीत जाऊन बसते. मनाने, अर्थात; ती खोली आता कुठे राहिली आहे?

ऐंशीचे दशक सरत आले होते तेव्हा तिथे आम्ही तिघे जाझ वाजवत असू. थोरला भाऊ अरुण ड्रमवर, त्याचा मित्र युसूफ बास गिटारवर आणि मी कीबोर्डवर. कॅसेटी उलटसुलट फिरवून शिकलेले ते संगीत! त्यात रॉकचा दणका होता, पॉपची नखरेल चाल होती आणि मूळ धून सोडून मनसोक्त भटकून पुन्हा तिच्याच उंबऱ्याशी येण्याची जाझची मुभा होती. केळीच्या आणि भरिताच्या मुलखात हे कसले खूळ, असे लोक म्हणत. का हो, आमच्या मुलखाला काय कान नाहीत?

आमचे वडील, आबा, भजनी मंडळातले. शेवटी एकदा वैतागून त्यांनी निकाल दिला: गणपतीत गल्लीच्या मांडवात एकदाच वाजवा; लोक उठून गेले, तर हा धांगडधिंगा कायमचा बंद. आबा दिला शब्द फिरवत नसत. माझी तर झोपच उडाली, कारण त्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवाचून मला दुसरे काही नकोच होते.

त्यात पेंटरकाकांनी घोळ घातला. अरुणने चिठ्ठीवर ‘जाझ त्रिकूट’ लिहून दिले होते. काकांना वाटले, पोराचे शुद्धलेखन कच्चे. त्यांनी उदार मनाने अक्षरे सुधारली आणि मांडवाच्या तोंडाशी ठसठशीत पाटी लागली: ‘झांज त्रिकूट’. झाले! संध्याकाळी पुढच्या दोन्ही रांगा भजनी मंडळाने भरल्या. आबांचे जुने सोबती दगडूनाना तर एरंडोलहून स्वतःच्या झांजा घेऊन आले होते.

आम्ही सुरू केले. पहिली धून संपली, टाळी एकही नाही. दुसरीच्या मध्यावर दगडूनाना उठून उभे राहिले. संपले सारे, असे मला वाटले. पण ते बाहेर न जाता थेट मंचाशी आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “बठ्ठं शे रे भाऊ, पन झांज कोठे शे?” सगळे आहे, पण पाटीवरची झांज कुठे?

मांडव हसला. अरुण मात्र क्षणभरही अडखळला नाही. काठी उंचावून त्याने ती पितळी चकती अशी वाजवली की कळसापर्यंत नाद गेला! “हाई शे ना, नाना!”

नानांनी मान तिरपी करून तो नाद अगदी विझेपर्यंत ऐकला. मग तिथेच खाली मांडी घातली, पिशवीतून झांजा काढल्या आणि आम्ही ठेक्यात जी जागा मोकळी सोडत होतो, नेमकी तिथेच आपली झांज टाकली. “ताल ते आपला शे!” ते मागे वळून म्हणाले. मग रांगेतल्या साऱ्या पिशव्या उघडल्या. काय वाजवले आम्ही त्या संध्याकाळी! आरतीची वेळ झाली तरी एकही माणूस हलला नव्हता. अभिमानाने छाती फुगते म्हणजे काय होते, ते मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी पेंटरकाका ओशाळून, डबा आणि ब्रश घेऊन पाटी दुरुस्त करायला आले. आबा ओट्यावरच बसले होते. “काही पुसू नका,” ते म्हणाले, “बरोबर लिहिलंय.”

ती पाटी आज माझ्या कीबोर्डच्या वर टांगलेली आहे. पितळेचा तो झणत्कार ऐकला की मला मांडवाआधी आबाच आठवतात. त्यानंतर घरी कुणीही पाहुणा आला, की ते मला मुद्दाम बाहेर बोलावून ताठ मानेने सांगत, “ही माझी मुलगी. झांज वाजवते.” मी आयुष्यात कधी झांज हातात धरली नाही. आणि आबांची ती चूक मी कधी सुधारलीही नाही.