टेपचं दुसरं टोक

व्हॅल्युएशनच्या फॉर्ममध्ये सगळ्याला रकाना असतो. फरशी कसली, भिंतीला ओल आहे का, दारापर्यंत गाडी जाते का, सगळं लिहायचं. घरातलं माणूस काय म्हणालं, त्याला मात्र रकाना नाही! म्हणून ते सगळं आमच्याकडेच साठत गेलं.

आमच्या विद्यापीठानं एका मूल्यांकन कंपनीशी बोलणं करून आम्हाला सहा महिने खऱ्याखुऱ्या घरांवर सोडलं होतं. माझा जोडीदार संदीप वाघमारे, आणि आमच्या डोक्यावर खादरभाई, कंपनीतले सगळ्यात जुने इंजिनियर. संदीपनं टेप धरायची, मी लिहायचं. टेपचं दुसरं टोक घरमालकाच्या हातात द्यायचं, कारण तिसरा माणूस आणायचा कुठून? लिलावात जाणाऱ्या घराचा मालकही बिचारा टोक धरून भिंतीला टेकून उभा राहायचा. पहिल्या दिवशी मला ते बघवलं नाही. महिन्याभरात सवय झाली, आणि सवय झाली याचं जास्त वाईट वाटलं.

*

पहिलंच काम बेगम बाजारात, मिरच्यांचं गोदाम. संदीप शिंकून शिंकून बेजार, टेप नुसती लोंबतेय. मी आतली मापं लिहिली. खादरभाईंनी बाहेरून भिंत मोजली, माझी वही बघितली आणि कपाळाला हात लावला.

"गोदाम अंदर से बड़ा, बाहर से छोटा? ये कौनसा जादू है मियाँ!"

मग त्यांनी आम्हाला समजावलं. टेप सैल सोडली की झोळ पडतो, झोळ पडला की माप वाढतं. "टेप ढीली तो रिपोर्ट ढीली. मेरे उस्ताद बोलते थे."

हे उस्ताद कोण, ते त्याच आठवड्यात कळलं. जामबागची एक फाईल आली. मालक देशपांडे, रिटायर्ड सर्व्हेअर. मुलाच्या धंद्यासाठी त्यांनी राहतं घर तारण ठेवलेलं, आणि धंदा बुडालेला. बँकेचं म्हणणं सरळ होतं. घराची किंमत बँकेनं धरलेल्या आकड्याच्या वर निघाली तर वर्षभर थांबू, खाली निघाली तर लिलाव.

खादरभाईंनी फाईल दोनदा वाचली आणि कपाटावर ठेवून दिली. "इन के हाथ से टेप पकड़ना सीखा मैं. बाद में देखते."

*

तारनाक्याला एकदा गेलो. घर नंबर बरोबर, गल्ली चुकली! घरातल्या बाईंनी एक शब्द न विचारता दार उघडलं. टेप धरली, कपाटं सरकवून दिली, उपमा खायला घातला. संदीप माझ्या कानात म्हणतो, "रेवती, असे मालक रोज मिळाले पाहिजेत यार!"

निघताना बाईंनी हात जोडले. "रोड वायडनिंगा, बाबू? रस्ता रुंद करताना किती फूट जाणार आमचं?"

आम्ही कागद दाखवला. तिचं नाव नव्हतंच त्यात, मागच्या गल्लीतल्या घराचं काम होतं. बाई पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. तो उपमा आम्ही भीतीचा खाल्ला होता. संदीप त्या दिवशी जेवला नाही.

*

दोन भावांची वाटणी. असल्या केसमध्ये प्रत्येकाला दुसऱ्याचा हिस्सा महाग दिसतो! थोरला म्हणायचा, "उसका हॉल देखो, कित्ती हवा!" धाकटा म्हणायचा, "उनकू रोड लगता, रेट ज़्यादा लगाओ!"

मधली एक खोली मात्र दोघांनाही नको होती. प्रत्येक जण म्हणे, ती दुसऱ्याच्या हिश्श्यात मोजा. मला कळेना, फुकटची खोली नको कशी? आत गेलो तर पलंगावर त्यांची आई.

अम्मा उठल्या, संदीपच्या हातातून टेपचं टोक घेतलं, भिंतीला लावलं. मी फॉर्मवर थांबले होते, 'खोलीत कोण राहतं' या रकान्याशी. त्यांनी ते पाहिलं.

"लिख लो बेटा, कमरा ख़ाली है."

*

हा किस्सा संदीपच्या घरचा. त्याचे बाबा परभणीकडून येऊन इथे रेल्वेत लागले. जन्म सगळा क्वार्टरमध्ये गेला, स्वतःचं घर काही झालं नाही, आणि आता रिटायरमेंटला दोन महिने राहिलेले. संदीपनं एका रविवारी प्रॅक्टिस म्हणून क्वार्टरच मोजलं. बाबांनी टोक असं धरलं म्हणे, जणू झेंडाच!

मोजून झाल्यावर विचारतात, "काय किंमत व्हईल रे याची?"

"बाबा, क्वार्टर सरकारचं आहे. आपली किंमत शून्य!"

बाबा हसले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "तरी पण, आपलं असतं तर?"

संदीपनं तोंडाला येईल तो मोठा आकडा सांगितला. बाबांनी तो वहीत लिहून ठेवला. हे सांगताना संदीप हसत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता.

*

जामबागची फाईल सहा महिने कपाटावरच होती. शेवटच्या आठवड्यात बँकेचा फोन आला. खादरभाईंनी फाईल खाली काढली, धूळ झटकली आणि आमच्यासमोर ठेवली. "तुम लोग जाओ. मेरे से उनके सामने टेप नहीं खुलती."

देशपांडे काकांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"खादर नाही आला?"

"त्यांना ताप आहे," मी थाप मारली.

"बरं. द्या टोक."

दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती लागून, त्यामुळे बाहेरून माप घेऊन ताळा करण्याचा प्रश्नच नव्हता. काका शून्याचं टोक धरून वाकले, संदीप दुसरीकडे. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पहिल्याच खोलीत मला दिसलं, टेपला झोळ होता. मी संदीपकडे पाहिलं, त्यानं नजर वळवली. बेगम बाजारानंतर त्याच्या हातून टेप कधी सैल सुटली नव्हती.

त्यानं सांगितलेला वाढीव आकडा मी लिहिला. दुसऱ्या खोलीतही झोळ, तिथलाही लिहिला. पाचही खोल्या झाल्या.

मग काकांनी वही मागितली. चष्मा लावून एकेक आकडा पाहिला, खिशातलं पेन काढलं आणि पाचही आकड्यांवर सावकाश काट मारली.

"पुन्हा घेऊ. पहिल्या खोलीपासून."

"असू द्या की हो," काकू म्हणाल्या. "पोरांनी लिहिलंय ना. असू द्या."

काका भिंतीपाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि शून्याचं टोक कोपऱ्यात घट्ट दाबून धरलं.

"खादरला कळेल," ते म्हणाले. "टेप ताण, बाळ."