सांभाळून साहेबांची साक्ष

आमचे साहेब फार घाबरट होते. हे मी त्यांच्या माघारी म्हणते आहे असं नाही, ते स्वतःच कुणालाही सांगत, "मी भित्रा माणूस आहे हो." वीज कडाडली की घाबरत, टपालाने लांब पाकीट आलं की घाबरत, अनोळखी नंबरावरून फोन आला तर तो वाजून बंद होईपर्यंत त्याच्याकडे नुसते बघत बसत. पण सगळ्यांत जास्त भीती त्यांना भिंतींची. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला, उभा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात भिंती आणि ओढ्यावरून पायी जायचे साकव बांधण्यात घालवलेला हा इंजिनियर कुठल्याही भिंतीजवळून अंग चोरून चाले. बोलणं संपवताना समोरच्याला "सांभाळून हां" म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून आम्ही त्यांना सांभाळून साहेब म्हणायचो.

निवृत्तीनंतर त्यांनी रत्नागिरीत दोन टेबलांचं एक ऑफिस काढलं होतं. पदवी हातात पडल्यावर मी तिथे चिकटले आणि चांगली काही वर्षं राहिले. उतारावरच्या घरांमागे संरक्षक भिंती आणि पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या पऱ्ह्यांवर, म्हणजे ओढ्यांवर, छोटे साकव, एवढीच आमची कामं. माझ्या वर्गातली मुलं मुंबई-पुण्यात चाळीस मजल्यांच्या गोष्टी करत असताना मी लांज्याच्या कुणाच्यातरी गोठ्यामागची माती धरून ठेवायची भिंत कागदावर काढत असे.

साहेबांच्या स्कूटरला एक बांबूची काठी कायम बांधलेली असे. संरक्षक भिंतीत पाणी निघून जायला भोकं ठेवतात. दिसेल त्या भिंतीच्या भोकात साहेब ती काठी घालून बघत. "भिंतीला माती पाडत नाही गो. आत कोंडलेलं पाणी पाडतं." भिंत आपली की परक्याची, याचा काही संबंध नसे. एकदा लांज्यात चहा पिऊन झाल्यावर ते हॉटेलाच्या मागे गेले आणि काठी घालू लागले. मालक धावत आला. "काय ओ, साप शोधताय काय?"

"सापापेक्षा वाईट आहे," साहेब म्हणाले. "तुमची सगळी भोकं बुजलीत. उकरून घ्या. सांभाळून हां."

मालक हसला. मीही हसले. पण परतताना साहेबांचा चेहरा असा उतरला होता, की ती भिंत जणू त्यांच्याच डोक्यावर उभी आहे.

या भीतीचं मूळ मला मंडणगडच्या एका फेरीत कळलं. भाड्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं, ड्रायव्हर ते बदलत होता आणि आम्ही रस्त्याकडेला बसलो होतो. साहेब आपणहून बोलू लागले. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका वाडीवरच्या भिंतीच्या कागदावर सही केली होती. भोकं कमी पडतील असं त्यांना वाटत होतं, ते वरिष्ठांना म्हणालेही होते. पण वरिष्ठ म्हणाले, चालतंय, आणि साहेबांनी सही केली. त्याच पावसाळ्यात ती भिंत खालच्या घरावर आली.

"कोणी...?" मी विचारलं.

"कोणी नाही. घरातली सगळी लग्नाला गेली होती." साहेब समोरच्या कातळाकडे बघत होते. "चौकशी झाली, मी सुटलो. पण मी तिथे गेलो होतो ना गो. चुलीपाशी एक पाळणा होता. चेपलेला. रिकामा, पण चेपलेला." मग उठून म्हणाले, "चल, चाक झालं वाटतं."

पुढे कॅनडातल्या एका कंपनीने मला घ्यायची तयारी दाखवली, ती याच कामांमुळे. त्यांना उतार आणि भिंती कळणारं माणूस हवं होतं. अट एकच: माझी पदवी तिथे परदेशी ठरत होती, ती तिथल्या इंजिनियरांच्या मंडळाकडून मान्य करून आणायची. इथून माझी झोप उडाली. कॉलेजने शिकवलेल्या प्रत्येक विषयाचा तपशील हवा, विद्यापीठाचं मोहोरबंद पाकीट हवं. ते सगळं धावाधाव करून पाठवलं. रोज उठल्याबरोबर आधी ईमेल उघडत असे. त्यांनी विचारलेला साधा प्रश्नसुद्धा मला असा वाटे, की हे हळूहळू शोधून काढतायत की ही बाई मुळात इंजिनियर नाहीच. चार वर्षं शिकलेलं कुणीतरी परत घेऊन जाईल, अशी ती भीती होती. माझे वडील, आप्पा, जन्मभर बोटीवर खलाशी होते, वादळं पाहिलेला माणूस. पण माझा चेहरा बघून तेही जेवताना बोलेनासे झाले.

शेवटची पायरी साक्षीची. ज्या इंजिनियरच्या हाताखाली मी काम केलं, त्याने माझ्या अनुभवाबद्दल सही करून लिहून द्यायचं आणि मंडळाच्या माणसाशी व्हिडिओवर बोलायचं. असा माणूस जगात एकच होता, आणि तो सहीला घाबरत होता.

पावसच्या रस्त्याला डोंगराच्या कुशीत साहेबांचं घर. मी पडवीत बसून सगळं सांगितलं. साहेबांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "सही नको गो मागू," ते म्हणाले. "दुसरं काहीही माग."

साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून कोकमाचं सरबत घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. "अहो, पोरीच्या पोटाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणतो. मी तिथे काही चुकीचं बोललो तर?"

मी घरी आले. पुण्यातली एक मैत्रीण फोनवर म्हणाली, त्यांच्या नावाने तूच लिही, त्यात एक मोठा पूल घाल, तिकडे कोण बघायला येतंय. दोन दिवस तो विचार माझ्या डोक्यात घोळत होता, हे खरं. मग एका सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली. साहेब उतरले. हातात तीच काठी.

"चल," ते म्हणाले. "तुझी कामं मला परत बघायची आहेत. सगळी. बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही."

मुदत जवळ येत होती आणि आम्ही जिल्हाभर हिंडत होतो. लांज्याच्या भिंतीला त्यांनी ओळंबा लावून पाहिला. पावसच्या आंबेबागेतल्या भिंतीची सगळी भोकं तपासली. मी मागे उभी. आपण उभं केलेलं काम असं पुन्हा बघायला जाणं किती भयंकर असतं, ते मला तेव्हा समजलं. काही निघालं तर माझं कॅनडा जाईलच, पण त्या भिंतीखाली राहणाऱ्या माणसांचं काय?

आणि मंडणगडच्या साकवावर ते निघालं. साकवाच्या टेकूभिंतीला वरून खालपर्यंत एक बारीक तडा. साहेब ओणवे झाले. कानात नुसतं पाण्यासारखं वाजत होतं. साकवावरून शाळेची मुलं पलीकडे जात होती आणि मला ओरडून त्यांना थांबवावंसं वाटत होतं. साहेबांनी काठी बाजूला ठेवली, नखाने तडा खरवडला, मग खिशातला चाकू काढून गिलाव्याचा एक पोपडा उडवला. आत काँक्रीट अखंड होतं. त्यांनी आणखी खाली उडवला. तिथेही अखंड.

"गिलाव्याचाच आहे," ते म्हणाले, आणि मग तिथेच मातीत बसले. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मीही शेजारी टेकले. मग ते म्हणाले, "तुझा चेहरा बघितला मी. पांढराफटक झाला होता. बरं वाटलं."

घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून काढलं. माझ्याबद्दल एक शब्द जास्त नाही. जिथे मी केलं तिथे 'केलं', जिथे नुसती मदत केली तिथे 'मदत केली'. पूल नव्हता. वाचताना मला वाटलं, एवढ्याशा कामावर कोण कुणाला परदेशात बोलावणार?

व्हिडिओचा दिवस आला. तिकडची सकाळ, म्हणजे इथली दिवेलागण. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट आणि घरात बसायचं असूनही पायमोजे घातले होते. मी लॅपटॉप लावून दिला आणि बाहेर आले. मी खोलीत असायचं नाही, असा नियम होता. पडवीत काकूंनी माझा हात धरला. दार लोटलेलं असलं तरी आवाज येत होता. एका बाईंचा शांत, सावकाश आवाज. साहेबांचं इंग्रजी सरकारी पत्रातलं, पण स्पष्ट.

पूल केलाय का, असं बाईंनी विचारलं. "नो मॅडम. स्मॉल क्रॉसिंग ओन्ली." मोठ्या इमारती? "नो मॅडम." प्रत्येक 'नो'बरोबर मला ती नोकरी एकेक पाऊल मागे सरकताना दिसत होती. मग बाईंनी विचारलं, तुमच्या देखरेखीशिवाय, तिने एकटीने केलेल्या कामावर तुम्ही विश्वास ठेवाल का?

आत शांतता पसरली. इतकी लांबली, की मला वाटलं लाइन तुटली. काकू पुटपुटल्या, "बोला ओ, बोला." साहेबांच्या डोळ्यांपुढे तो चेपलेला पाळणा असेल, हे मला दिसत होतं. ते 'हो' म्हणणार नाहीत, याची मला खात्री झाली.

"मॅडम," साहेब म्हणाले. "आय ॲम अ व्हेरी फिअरफुल मॅन. बट आय स्लीप अंडर हर वॉल." मग घसा खाकरून: "माय वाइफ ऑल्सो."

त्यांच्या मागीलदारी डोंगराची माती सुटायला लागली होती, तेव्हा तिथली भिंत त्यांनी मला कागदावर काढायला दिली होती. "माझ्या घराची मी काढली तर भीतीपोटी किल्ल्याएवढी जाड काढीन," म्हणाले होते. मी काढली, ती त्यांनी आहे तशी बांधली. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी त्याच भिंतीकडे उघडते. मी हे पार विसरले होते. मला ते एक काम होतं. त्यांनी मात्र रोज रात्री तिच्याखाली डोळे मिटले होते.

काकू पदराने डोळे पुसत होत्या. आत बाई एवढंच म्हणाल्या, "थँक यू, सर."

उत्तर काही आठवड्यांनी आलं. ते उघडायची माझी हिंमत होईना, तेव्हा आप्पांनी माझ्या हातातला माउस घेतला आणि डोळे बारीक करून, शब्द लावत लावत वाचलं. पदवी मान्य, अनुभव मान्य, तिकडच्या कायद्याची एक परीक्षा तेवढी द्यायची. आप्पा ते पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. काकूंनी फणसपोळी बांधून दिली. साहेब म्हणाले, "तिकडे जमिनीतलं पाणी गोठतं. गोठलं की फुगतं. मला त्यातलं काही कळत नाही. तू शिकून घे." मी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "भीती वाटेल. वाटू दे. तिची लाज बाळगू नको." स्टेशनवर ते आले नाहीत. सुटणाऱ्या आगगाडीचीसुद्धा त्यांना भीती वाटे.

पुढच्या दिवाळीनंतर साहेब गेले. झोपेतच, त्या खिडकीच्या खोलीत. मला येता आलं नाही.

इकडे माझ्या स्वतःच्या सहीने जायचं पहिलं काम नुकतंच झालं: एका वसाहतीमागे बांधून झालेली भिंत. कागद तयार होते. वरचा अधिकारी म्हणाला, सगळं तपासलेलं आहे, करून टाक. मी म्हटलं, आधी जागेवर जाऊन येते. तो वैतागला, बर्फ वितळून सगळा चिखल झाला होता. मी गेले, अंधार पडेपर्यंत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. काहीच चुकलेलं नव्हतं. सगळं कागदावर होतं तसंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सही केली.

लगेच काकूंना फोन लावला. तिथे संध्याकाळ होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"काकू, आज पहिली सही केली."

"हो गो बाय?" मग त्यांनी विचारलं, "घाबरलीस?"

"खूप."

"मग बरोबर असेल," काकू म्हणाल्या.