बापूंचा लग्नातला कोट

किस्से आणि जुने कपडे सारखेच. देऊन टाकू म्हणून ट्रंकेतून बाहेर काढावेत, तर प्रत्येकाला हात लावून "हा राहू दे" असं म्हणत परत आत ठेवले जातात. माझी ट्रंक आता बंद होईना, म्हणून हे लिहायला बसलो. यात सांगण्यासारखं काही आहे का, याचीही मला खात्री नाही. पण कांबळे मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही नुसतं सांगा. शंका आम्ही घेतो!"

आमचा तिघांचा कंपू आहे. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून निवृत्त झालेले बापू पाटील, शाळेत मुलींना शिवणकाम शिकवलेल्या कांबळे मॅडम आणि मी. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यात डॉक्टरेट केली; म्हणजे शंका कशी मोजायची हे शिकवण्यात आयुष्य गेलं. दर रविवारी सकाळी आम्ही कोल्हापुरातल्या जुन्या बाजारात कपड्यांचे ढीग उपसतो. जुन्या काळातला, नीट शिवलेला एखादा कपडा हाती लागला की दिवस सार्थकी. मग समोरच्या टपरीवर चहा.

*

माझा पहिला रविवार. ढिगातून एक बेलबॉटम निघाली. दणकट कापड, आत अस्तर, कमरेला सैल करता येईल एवढं जास्तीचं कापड सोडलेलं. मला फार आवडली. पण आवडली की मला भीती वाटते.

मी विक्रेत्याला विचारलं, "ही खरंच सत्तरच्या दशकातली आहे, याला पुरावा काय?"

त्याने मला खालून वर न्याहाळलं.

"पावणं, पँट हाय ही. सातबारा न्हाय!"

*

कांबळे मॅडमचा नियम एकच. कपडा उलटा करून बघायचा. "सुलट बाजूनं काय, सगळेच चांगले दिसतात," असं त्या म्हणतात आणि म्हणताना माझ्याकडे का बघतात, ते मला कळत नाही.

एकदा आम्ही एका रिसेप्शनला गेलो. स्टेजवर फोटोसाठी रांग. मॅडमची पाळी आली आणि त्या एकदम खाली वाकल्या. नवरदेवाला वाटलं, बाई पाया पडतायत! तो घाबरून दोन पावलं मागे सरकला.

"मॅडम, अहो काय करताय?"

"हलू नका. शेरवानीची तुरपाई बघू द्या."

फोटोग्राफर थांबला. वधूपिता थांबला. मॅडम सरळ झाल्या आणि नवरीच्या कानात, पण पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मशीनची हाय. पर पोरगा बरा वाटतोय!"

*

जुन्या रेनकोटासारखा रेनकोट आता होत नाही, हे बापूंचं ठाम मत. त्यांनी बाजारातून एक घेतला. जाड रबरी, काळा, टोपीसकट. इतका ताठ की खुंटीला अडकवला तरी आत माणूस असल्यासारखा दिसे.

तो घेऊन आम्ही भर पावसात राधानगरीला गेलो. बापूंनी रेनकोट खानावळीच्या व्हरांड्याच्या कडेला अडकवला आणि आम्ही आत जेवायला बसलो. थोड्या वेळाने खानावळीचा मालक बाहेर बोलताना ऐकू आला.

"साहेब, आत या की. भिजालाय."

शांतता.

"साहेब, गरम भाकरी हाय."

शांतता.

मालक आत आला आणि आचाऱ्याला हळूच म्हणाला, "कुणीतरी लई मोठा साहेब दिसतोय. उत्तरच देत न्हाई!"

*

आता बापूंच्या कोटाविषयी सांगायला हवं, कारण आमचे सगळे रविवार त्या कोटापायी आहेत.

बापूंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी इथल्याच, कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या शिंप्याकडून त्यांच्यासाठी लोकरी कोट शिवून घेतला होता. तपकिरी, काजं हाताने केलेली. पुढे बापूंचं पोट वाढलं आणि कोट ट्रंकेत गेला. एक दिवस बापू फौंड्रीत असताना दारात बोहारीण आली. सुशीलावहिनींनी कोट दिला आणि स्टीलचा डबा घेतला. त्यातच त्या चहाची पावडर ठेवू लागल्या.

तेव्हापासून बापूंनी त्या घरात चहाचा एक कप मुकाट्याने घेतला नव्हता. पहिला घोट घेतला की म्हणणार, "ह्या चहात माझा कोट हाय!"

वहिनींचंही उत्तर ठरलेलं. "डब्याचं झाकण अजून घट्ट बसतंय. कोट तुम्हाला बसला असता व्हय?"

यंदा माघात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. बापूंनी आम्हाला निक्षून सांगितलं होतं, "त्या दिवशी मी तोच कोट घालणार. न्हाईतर मी जेवायला बसणार न्हाई." मुलाने घाबरून नवाकोरा ब्लेझर आणला. कांबळे मॅडमनी तो उलटा केला, कॉलर चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "ह्यो शिवलेला न्हाई, चिकटवलेला हाय."

*

बाजारात बापू अधूनमधून ओरडतात, "घावला!" आम्ही धावतो. एकदा खरोखरच तसा कोट निघाला. तपकिरी, लोकरी. बापूंनी तो छातीशी धरला. त्यांचा चेहरा असा झाला, की मी गप्प बसायला हवं होतं.

मी म्हणालो, "बापू, पण तुमच्या कोटाला तीन बटणं होती ना? याला दोनच आहेत."

बापूंनी बटणं मोजली. कोट घडी घालून ढिगावर ठेवला. त्या रविवारी चहालाही थांबले नाहीत.

मॅडम मला म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी शंका घरीच हँगरला अडकवून या!"

*

माघ उजाडला, कोट नाही. बापू चिडचिडे झाले. त्यांचं मन रमावं म्हणून मॅडमनी आम्हाला मुरगूडला भाचीच्या वास्तुशांतीला नेलं. गाडी बापूच चालवत होते. मुरगूड जवळ आलं आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

"घावला!"

शाळूच्या रानात बुजगावणं उभं होतं. डोक्याला मडकं, हात पसरलेले आणि अंगात तपकिरी लोकरी कोट. तीन बटणांचा!

बापू बांध ओलांडून धावले. मागून मॅडम. त्यांनी बुजगावण्याची कॉलर उलटी केली. "हातशिलाई! आत कॅनव्हास! एवढं ऊन-पाऊस खाऊनसुद्धा खांदा बघा कसा बसलाय."

तेवढ्यात शेतकरी आला. "ओ पावणं! बुजगावण्याच्या खिशात काय हुडकालाय?"

"माझा लग्नाचा कोट हाय हो ह्यो!"

शेतकऱ्याने कोट पाहिला. बापूंचं पोट पाहिलं.

"असंल. पर पाखरं त्याला भित्यात. तुमास्नी भितील का?"

शाळू निघेपर्यंत कोट देणार नाही, असं त्याने सांगितलं. बापूंनी विनवलं, आवाज चढवला, परत विनवलं. तो हलला नाही. "बापू, पण—" एवढंच मी म्हणालो आणि मॅडमनी माझ्या पायावर पाय दिला.

घरी बापूंनी वहिनींना सगळं सांगितलं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला घरातलीच माणसं आणि आम्ही दोघं. पानं मांडली होती. बापू खरंच पानावर बसेनात. मग वहिनी आतून आल्या. हातात हँगर, हँगरला कोट. धुतलेला, इस्त्री केलेला. खांद्यावरचा पाखरांचा डाग तेवढा गेला नव्हता.

"घाला."

बापूंनी घातला. बटणं लागली नाहीत. आरशात पुढून-मागून वळून पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"सर, तुम्ही सांगा. हाच की न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी जवळ गेलो. कोटाची एक बाजू उघडी होती. आतल्या खिशावर शिंप्याची पट्टी होती, अक्षरं पुसट झालेली. बापूंचा चष्मा टेबलावर होता. माझा डोळ्यांवर होता. पट्टीवर गाव लिहिलं होतं, निपाणी.

वहिनी हातात बासुंदीचा डाव धरून माझ्याकडे बघत होत्या.

"हाच," मी म्हणालो. "शंकाच नाही!"

माझ्या वाटीत बासुंदी दोनदा पडली. बापू कोट घालूनच जेवले. मग चहा आला. बापूंनी पहिला घोट घेतला, तोंड उघडलं, मिटलं.

वहिनी म्हणाल्या, "बोला की. आता काय बोलणार?"

बापूंची नजर स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली.

"अगं, डबा कुठाय?"

"मुरगूडला. त्या शेतकऱ्याच्या बायकोला दिला. ती नुसत्या डब्यावर ऐकंना, म्हणून तुमचा नवा ब्लेझर बी दिला. बुजगावण्याला अंगात काहीतरी पायजे की!"

बापूंनी कप खाली ठेवला.

"तो डबा दिलास? असला जाड पत्रा आता कुठं मिळतोय व्हय!"