पंधरा रकाने आणि एक धवला

भिवंडीच्या निजामपुऱ्यात वीज गेली की जी शांतता पसरते ना, तिला वजन असतं. गल्लीच्या दोन्ही अंगांनी चाललेली मागांची खटखट एकाएकी थांबते आणि कानांत उरलेल्या त्या पोकळीतून इतका वेळ दडून बसलेले ध्वनी हळूहळू बाहेर येतात. कुणाच्या तरी कढईतली चरचरीत फोडणी, वळचणीला घुमणारी कबुतरं, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याचं खाकरणं! माग चालवणाऱ्यांना ही शांतता म्हणजे खोळंबा. ते वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडत ओट्यावर येऊन बसतात. मी मात्र तिची वाट पाहत असते. का, ते पुढे कळेलच.

सुताच्या दुकानावरच्या माळ्यावर आमचं छोटंसं ग्रंथालय आहे. पुस्तकं आहेतच, पण गेली काही वर्षं आम्ही आसपासच्या गावांतली जुनी छायाचित्रं, लग्नातल्या कॅसेटी, पत्रिका असं जे जे लोक आणून देतील ते संगणकात उतरवून ठेवतो. उतरवणं सोपं असतं हो! अवघड असतं ते उतरवलेलं पुन्हा सापडणं. त्यासाठी जगभरच्या ग्रंथालयांनी एक चौकट मान्य केली आहे, पंधरा रकान्यांची. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, स्रोत, संबंध… वस्तू कुठलीही असो, तिची ओळख याच रकान्यांत भरायची, म्हणजे इथल्या माणसाने ठेवलेलं तिथल्या माणसालाही शोधता येतं. याला मेटाडेटा म्हणतात. हा शब्द उच्चारला की आमच्या समितीतले सभासद जांभया आवरू लागतात. मला तो जपमाळेइतका पवित्र वाटतो, याला मी तरी काय करू?

आणि नवल म्हणजे, हेच सभासद शेजारच्या राहनाळ-दापोड्याच्या गोदामांचं कौतुक करताना थकत नाहीत. डोंगराएवढी खोकी, पण प्रत्येकावर चिठ्ठी. यंत्राने ती टिपली की हवं ते खोकं क्षणात हाताशी! चपलांच्या जोडाला जो मान मिळतो, तो माणसाच्या आवाजाला का मिळू नये? नाव न लावता ठेवलेली गोष्ट जपली जात नाही, नुसती पडून राहते. एरवी मी मवाळ बाई आहे. या एका मुद्द्यावर मात्र भांडायला सदैव तयार असते.

माझा हा विश्वास कसाला लागला तो मथुराबाईंमुळे. मथुराबाई राहनाळच्या धवलारीण. आगरी लग्नात देवांना, पितरांना, सोयऱ्यांना आमंत्रण जातं ते धवलारणीच्या गाण्यातून. तिने हा धवला म्हटला नाही, तर हळद लागूनही लागली नाही असं जुन्या बायकांना वाटतं. अशी कितीतरी लग्नं आपल्या कंठाने लावून दिलेल्या या बाईंचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम कुजबुजीपुरता उरला. एका सकाळी त्या सुनेचा, वंदनाचा, हात धरून आमचा जिना चढून आल्या. पुढल्याच आठवड्यात नातीचं लग्न होतं. धवला वंदनाने म्हणायचा असं ठरलेलं. पण तिला अधलेमधले तुकडेच येत होते, आणि मथुराबाईंना गाऊन दाखवता येत नव्हतं.

"कॅसेट तुमच्याकडं दिलेली हाय, मॅडम," वंदना म्हणाली. "ती गावली न्हाय तर पोरं हळदीला डीजे लावून मोकली व्हतील. आईंना ते सोसायचं न्हाय."

मी मोठ्या ऐटीत संगणकापुढे बसले. कर्ता या रकान्यात मथुराबाईंचं नाव टाकलं. काही नाही! विषयात 'धवला' घातलं, तर डझनावारी नोंदी पुढ्यात आल्या, सगळ्या दुसऱ्यांच्याच नावांच्या, आणि एकेक ध्वनिफीत तासनतास चालणारी. मथुराबाई माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. आपला आवाज या पेटीत आहे आणि तो हरवला आहे, एवढं त्यांना कळलं होतं. त्या क्षणी मला माझ्या त्या लाडक्या चौकटीचा राग आला, हे कशाला लपवू?

तेवढ्यात नोंदी करणारी माझी सहकारी अफसाना चहा घेऊन आली. तिने सहज विचारलं, "कॅसेट आणून कोणी दिली होती, वहिनी?" वंदनाने चुलत दिराचं नाव सांगितलं. अफसानाने ते कर्त्याच्या रकान्यात टाकलं मात्र, आणि समोर नोंद हजर!

मी कपाळावर हात मारला. "अगं, कर्ता म्हणजे गाणारी! कॅसेट देणारा कर्ता कसा होईल?"

"क्यूं नहीं, मॅडम?" अफसाना खरोखर चकित झाली होती. "आमच्याकडे सूत व्यापारी देतो, विणतो आम्ही, पण कापड त्याच्याच नावावर जातं ना? ज्यानं माल दिला, त्याचंच नाव मी टाकत गेले."

रागवणार तरी कशी? तिच्या घरात पिढ्यान्पिढ्या माग आहेत, आणि त्या मागांवर विणलेल्या एकाही ताग्यावर तिच्या वडिलांचं नाव कधी उमटलं नाही. दुसऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून द्यायचं, हा इथला शिरस्ता; तो इतका अंगवळणी पडलेला, की गाण्याची नोंद करतानाही तिची बोटं त्याच वळणाने गेली. भिवंडीखेरीज दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली असती? मला हसू आलं आणि हसता हसता वाईटही वाटलं.

मग आवाज सुरू झाला. भरदार, किंचित अनुनासिक, मांडवातल्या गलबल्यावर सहज तरंगणारा! मथुराबाईंनी डोळे मिटले. ओठ हलत राहिले, शब्द एकही बाहेर पडत नव्हता. वंदना फोनमध्ये धवला भरून घेता घेता पदराने डोळे पुसत होती. मी पुसले नाहीत, कारण मला नोंद दुरुस्त करायची होती. पण अक्षरं धूसर दिसत होती खरी.

कर्त्याच्या रकान्यात मी मथुराबाईंचं नाव घातलं आणि त्यांना वाचून दाखवलं, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "माजं नको ल्हू," त्या कुजबुजल्या. "गानी सासूची हायत. भिवराबायची. मी निस्ती गायली."

पाहा गंमत! अफसाना एका टोकाने चुकली होती, मथुराबाई दुसऱ्या टोकाने नेमक्या तिथेच येऊन पोचल्या होत्या. सूत सासूचं, मग कापडावर माझं नाव कशाला? मी त्यांना संगणकाचा पडदा दाखवला. म्हटलं, मथुराबाई, इथे कुणाला उठवून कुणाला बसवायचं नसतं. रकाने पंधरा आहेत. गायलात तुम्ही, कर्त्यात तुम्ही. दिलं सासूबाईंनी, स्रोतात भिवराबाई. कॅसेट जपली पुतण्याने, त्याचे आभार वर्णनात. त्यांना ते सारं पटलं असं नाही. भिवराबाईंचं नाव उमटलेलं मात्र त्या बराच वेळ न्याहाळत राहिल्या.

हळद झाली. वंदनाने धवला म्हटला, दोनदा अडखळली, पण पुरा केला. अफसाना आणि मी, आम्ही दोघींनी सगळ्या जुन्या नोंदी नव्याने तपासायला घेतल्या. ते काम अजून चालू आहे आणि अफसाना आता माझ्याहून कडक झाली आहे.

परवा वंदना स्वतःचा धवला भरून द्यायला आली, सोबत मथुराबाई. मागांच्या गजरात ध्वनिमुद्रण कसं करणार? आम्ही वाट पाहत बसलो. अखेर वीज गेली, गल्ली चिडीचूप झाली. अफसानाने बॅटरीवर चालणारं यंत्र घाईघाईने सुरू केलं आणि त्या वजनदार शांततेत वंदनाचा कोवळा, अजून थोडा बिचकणारा सूर उमटला. शेजारी मथुराबाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

गाणं संपल्यावर अफसानाने लॅपटॉपवर नोंद उघडली. कर्ता: वंदना. मग तिने मान वर करून विचारलं, "स्रोत?"

"मथुराबाई," वंदना पटकन म्हणाली. "आमच्या आई."

अफसानाने नाव लिहून वाचून दाखवलं. वीज आली, खाली गल्लीत मागांची खटखट पुन्हा सुरू झाली. मथुराबाईंनी या खेपेस कुणाचं मनगट धरलं नाही.