पाण्यातला ठिपका

सुनंदा गेल्याचं तिच्या भावाने, रामदासने, फोनवर सांगितलं. "सर, सुनंदा गेली जी," एवढं बोलून तो थांबला. मी काही म्हणायच्या आत त्याने विचारलं, "तिची पेटी चालू ठेवाची का बंद कराची? तुमालेच मालूम." इंटरनेट मोजणाऱ्या ज्या पेटीपायी मी त्याच्या बहिणीला चारचौघांत खोटं पाडलं, तिच्याबद्दल तो मलाच विचारत होता...

महिन्याभराने आमच्या कॉलेजात शोकसभा झाली. सुनंदाने तिथली संगणक प्रयोगशाळा उभं आयुष्य सांभाळली. एक वक्ते म्हणाले, "नकाशांमध्ये बाईंचा जरा गोंधळ व्हायचा, पण मन फार मोठं." सगळे मायेने हसले. त्या हसण्याचा मला फार राग आला, आणि तरी मी पहिल्या रांगेतून उठलो नाही. प्रेमळ शब्दांत केलेली बदनामी मेलेल्या माणसाला पुसता येत नाही. म्हणून लिहितो आहे. सुनंदाचा गोंधळ कधीही झाला नव्हता. तो माझा होता, आणि तिच्या नावावर मीच चढवला.

एका संशोधन संस्थेने इंटरनेट मोजायच्या लहान पेट्या आमच्याकडे दिल्या होत्या. प्रमुख मी, काम तिचं. साबणाच्या डबीएवढी पेटी कुणाच्या तरी घरी राउटरला जोडायची. ती दिवसभर दूरदूरच्या संगणकांना हाक मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते कळवत राहते. नेट कुठे रखडतं ते त्यावरून नकाशावर दिसतं. पण आपण स्वतः कुठे आहोत, हे पेटीला कळत नाही. माणूस सांगेल ते तिचं गाव. आणि सांगणारा माणूस मी होतो... पंख्याखाली बसून बऱ्याच पेट्यांच्या पुढे मी नुसतं 'भंडारा' लिहिलं होतं. नकाशाने त्या सगळ्या शहराच्या मधोमध एकाच ठिपक्यावर रचून ठेवल्या. सुनंदाने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, बसस्टँडवर लई पेट्या उभ्या आहेत. तिकीट काढून देऊ का त्यायले?"

"अंदाजे चालते गं," मी म्हणालो.

"तुमचं घर कोठी आहे, सर?"

"शहापूरला," मी म्हणालो. ते भंडाऱ्याजवळच आहे.

"मंग भंडारा कायले नाही म्हणत? पेटीनं काय पाप केलं?"

नेमक्या जागा टिपायला ती स्वतः घरोघर गेली. तिची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. पेटी असलेल्या घरी पोचली की आधी अंगणात उघड्यावर उभी राहायची, मोबाइल हातात धरून, नकाशावरचा ठिपका स्थिर होईपर्यंत. टिनाच्या छपराखाली तो भलतीकडे उड्या मारतो. तोवर पाणीसुद्धा घ्यायची नाही. बायका ओरडायच्या, "बाई, चहा थंडा होऊन राहिला," आणि ही आपली पुतळ्यासारखी उभी.

एक पेटी रामदासच्या घरी होती. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांचं गाव उठलं. त्यांनी दारं-चौकटी काढल्या, बाबासाहेबांची तसबीर चादरीत गुंडाळली, आणि पेटीही नेली. पुनर्वसनाच्या वस्तीत ती छपरावरच्या अँटेनाच्या रखडत्या नेटवर पुन्हा सुरू झाली. सुनंदाने त्याच आठवड्यात मला नवी जागा सांगितली. ती भरायची मुभा फक्त माझ्या खात्याला होती. मी "भरतो" म्हणालो. भरली नाही. वर्षाच्या शेवटी मात्र संस्थेला 'सर्व जागा स्वतः तपासल्या' असं लिहून खाली सही केली.

मग वस्तीने इंटरनेटची तारेची लाइन मागितली. तिथे मोबाइल धड लागत नाही, रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, म्हाताऱ्यांना पवनीपर्यंत हेलपाटे. बैठकीत सुनंदा म्हणाली, "आमच्या वस्तीतलीच पेटी सांगते ना किती रखडते ते." लाइन मंजूर करणाऱ्या साहेबांनी नकाशा उघडला. वस्तीत पेटी नव्हतीच. ठिपका बुडालेल्या जुन्या गावावरच, म्हणजे धरणाच्या पाण्यात होता, आणि पाण्यात घर नसतं म्हणून संस्थेने त्या मोजण्या चुकीच्या समजून वगळल्या होत्या. साहेबांनी मला विचारलं, "सर, हे काय आहे?" एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "बाईंचा काहीतरी गोंधळ झाला असेल." तिने माझ्याकडे पाहिलं.

लाइन दुसरीकडे गेली. वस्तीतले लोक तिलाच टोमणे मारायचे, "तुही पेटी बुडाली का व?" तरी मी ठिपका हलवला नाही. हलवला असता तर माझी सही खोटी ठरली असती. लाज राखायला मी एक अख्खी वस्ती पाण्यात ठेवली, दुसरा शब्द नाही त्याला. त्याबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली, प्रयोगशाळेचं कुलूप लावता लावता. "आज बदलाल त आजपासूनच खरं होईल, सर. मागचं नाही होत."

गेल्या आठवड्यात मी वस्तीत गेलो. अंगणात उभं राहून रामदासला सगळं सांगितलं, बैठकीतलं वाक्यसुद्धा. त्याने शांतपणे ऐकलं.

"मालूम आहे जी. तिनं सांगतलं होतं."

"मग फोन मला कशाला केलास?"

"पेटी तुमच्या नावानं आहे ना."

त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मोबाइल काढला. ठिपका इकडेतिकडे सरकत होता. सुनंदाच्या वहिनी पाण्याचा गडवा घेऊन आल्या. मी म्हणालो, "जरा थांबा." त्या बाजूला होऊन उभ्या राहिल्या, जशा सुनंदासाठी राहायच्या, काही न विचारता. ठिपका अंगणावर स्थिर झाला. मी जागा भरली. त्या दिवसापासून ही वस्ती नकाशावर आहे. त्याआधीची सगळी वर्षं पाण्यातच राहणार, ती काढायची सोय कुठेही नाही... आत फळीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, पेटीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मग मी पाणी घेतलं. रामदासने विचारलं, "त चालू ठेवाची ना जी?"

"चालू ठेव," मी म्हणालो.