सांडलेले तीन पेले

शतक संपायला एखाद-दोन वर्षं उरली असतील. माझी मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली. जालन्याच्या दवाखान्यातून सुटल्यावर मी अंबडला आईवडिलांकडे आले आणि शाळेत रजेचा अर्ज पाठवला. नवरा अंकुशनगरच्या कारखान्यात नोकरीला. रविवारी एसटीनं यायचा, पलंगाशेजारी बसायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, मनात येईल ते रोज वहीत लिहा. पोरांना लिहायला शिकवणारी बाई मी, पण तारखेपुढं माझ्या हातून एक अक्षर उमटत नव्हतं. अंघोळ दोन-दोन दिवस राहायची. आई फणी घेऊन आली की मी भिंतीकडं तोंड करायचे.

माझी डी.एड.ची एक मैत्रीण पुण्यात राहायची. तिनं पोस्टानं टॅरो कार्डं पाठवली. खेळायच्या पत्त्यांपेक्षा मोठी, प्रत्येकावर वेगळं चित्र. सोबत चित्रांचे अर्थ सांगणारं छोटं पुस्तक आणि एक चिठ्ठी होती, ‘यात भविष्य शोधू नकोस. सकाळी एक काढ, चित्र बघ आणि स्वतःलाच विचार, आज कसं आहे.’

मी काढू लागले. एका कार्डावर एक बाई दोन घागरींतून पाणी ओतत होती. त्या दिवशी मी उठून न्हाले. बाकी बहुतेक सकाळी कार्ड हातात धरून नुसती रडायचे. पण रडायला निदान एक जागा झाली होती.

वडील छप्पन साली धम्मात आले तेव्हा विशीत होते. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेर काढले होते. पंचांग, पत्रिका यांचं आमच्या घरात नावही निघत नसे. एका सकाळी ते चहा घेऊन आले आणि दारातच थांबले.

“हे काय करून राह्यली तू?”

“पत्ते बघते, बाबा.”

“ह्याच्यासाठी सोडलं का आम्ही सगळं?”

आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

“भविष्य न्हाई बघत,” मी म्हणाले. “माझंच मन बघते. दुसरीकडं कुठं दिसत न्हाई ते.”

चहा ठेवून ते गेले. तीन दिवस खोलीत आले नाहीत. चौथ्या सकाळी खुर्ची ओढून जवळ बसले.

“आजचं कोणतं?”

मी दाखवलं. काळ्या झग्यातला एक माणूस मान खाली घालून उभा. समोर तीन पेले सांडलेले, पाठीमागं दोन उभे.

“पुस्तकात लिहिलंय, मागं वळून बघावं, दोन शिल्लक आहेत,” मी म्हणाले. “सगळे मला तेच सांगतात. वय आहे, नोकरी आहे, नवरा चांगला आहे.”

त्यांनी कार्ड चष्म्याजवळ धरलं.

“बघू दे की त्याला सांडलेल्यांकडंच. लोकांचं काय जातं?” मग कार्ड खाली ठेवून म्हणाले, “तुला बघू दिलं का तिला?”

“न्हाई.”

दवाखान्यात मला शुद्ध आली तेव्हा वडील आणि नवरा तिला घेऊन गेलेले होते. ती कशी होती हे मी कुणाला विचारलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं.

“मी बघितलं,” वडील म्हणाले. “नाक बराबर तुझं होतं.”

ते उठून बाहेर गेले. मी वहीत तेवढं एकच वाक्य लिहिलं.

त्यानं बरं वाटलं असं नाही. तोवर गेलं ते बिनचेहऱ्याचं होतं, आता त्याला नाक आलं. पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले, तिसऱ्या महिन्यात तेही गेलं. नवऱ्याचं आणि माझं बोलणं भाजी, पगार, एसटीची वेळ एवढ्यावर आलं. कार्डं मी कपाटात ठेवून दिली. कोणतंही काढलं तरी माझी मुलगीच दिसायची.

काही वर्षांनी माझी कुंभार पिंपळगावला बदली झाली. पहिलीचा वर्ग मिळाला. त्या वर्षी तीही पहिलीत असती. हजेरी घेताना मी मान वर करत नसे. पोरी ‘हजर’ म्हणत आणि मी नावापुढं खूण करत जाई.